आधी गाडी, मग घर : जुन्या मॅटॅडोरचा कॅम्पर करताना

जुनी कॅम्पर व्हॅन म्हटलं की बहुतेकांना फोक्सवॅगनची जर्मन बस आठवते. ती बस १९५० मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षापासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात पलंग, कपाटं बसवू लागली. महाराष्ट्रात ती गाडी हौशी संग्राहकांकडेच सापडते. आपल्याकडे त्याच घराण्याला शोभेल अशी गाडी आहे ती मॅटॅडोर. हाम्बुर्गच्या विडाल अँड झोन कंपनीने टेम्पो मॅटॅडोर १९४९ मध्ये काढली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये उभ्या केलेल्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, त्याच जर्मन सहकार्यातून आकुर्डीच्या कारखान्यात भारतीय मॅटॅडोर बनवली. शाळेची मुलं, दुधाचे कॅन, वऱ्हाड, रुग्ण असं सगळं या गाडीने वाहिलं.

घरच्या घरी कॅम्पर करायला ही गाडी चांगली का, याला ठोस कारणं आहेत. तिची ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही. म्हणून मागची फरशी बुटकी आणि सपाट आहे, पलंग-ओट्यासाठी उंची मिळते. नंतरच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजच्या परवान्याने बनलेलं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. तेच इंजिन ट्रॅक्समध्ये आणि टेम्पो ट्रॅव्हलरमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात आणि ते उघडलेले मिस्त्री गावोगाव आहेत. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. पाना, फिलर गेज आणि संयम असला की काम होतं.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरकरांना आणखी एक सोय आहे. माळेगाव आणि मुसळगाव या दोन औद्योगिक वसाहती हाताशी आहेत. पत्रा वाकवणं, लेथवर बुश कातणं, पावडर कोटिंग ही कामं सांगायला लांब जावं लागत नाही. तरीही बहुतेक हौशी माणसं चुकतात ती क्रमात. गाडी आली की आधी गादीचं कापड आणि दिव्यांच्या माळा घेतल्या जातात. या लेखाचं सांगणं एवढंच आहे : आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि इंजिन, आणि घर सगळ्यांत शेवटी.

कागद : पैसे देण्याआधीचं काम

गाडी पाहायला जाताना आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, कर भरला आहे का, नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर आणि नाशिकच्या आरटीओत तपासा. नोंदणी रद्द होऊन भंगारात गेलेली गाडी कितीही सुंदर केली तरी रस्त्यावर आणता येत नाही. मालवाहू किंवा प्रवासी म्हणून नोंदलेली गाडी असेल, तर ती खासगी वर्गात आणायची प्रक्रिया काय आणि कर किती, हे सौद्याआधीच विचारून घ्या.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी १०,००० रुपये. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. हा खर्च हिशेबात पहिल्या ओळीत लिहा.

इथे एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या वर्गात येते. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर येते. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची मॅटॅडोर हाती लागली, तर तिला व्हिंटेज म्हणून जपायचं की तिच्यातून फिरायचं, हे तुम्हीच ठरवायचं. दोन्ही एकत्र जमत नाही. माझं मत स्पष्ट आहे. इतकी जुनी आणि अस्सल गाडी मिळाली तर तिला हात लावू नका, आहे तशी जपा. कॅम्परसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं स्पष्ट केलं. कारखान्यातून निघणाऱ्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे आणि त्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते. घरच्या कामात छप्पर उंच करणं, नवी खिडकी कापणं, आसनसंख्या बदलणं हे लेखी परवानगीशिवाय करू नका. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे सुटं सामान. पलंग, ओटा, पाण्याची टाकी ही सगळी गाडीच्या मूळ भोकांतल्या बोल्टवर किंवा पट्ट्यांवर बसतील आणि काढता येतील अशी करा. कायदाही पाळला जातो आणि उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. त्रयस्थ विमा आणि पीयूसी तर हवंच.

गाडी कुठली घ्यावी

गंज हा अशा गाडीचा खरा शत्रू. मुंबई-कोकणात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी बाहेरून चकचकीत दिसली तरी तळातून पोखरलेली असू शकते. सिन्नर, संगमनेर, कोपरगाव, येवला हा पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा आहे. इथल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल, रबरं कडक झालेली असतील, पण पत्रा टिकलेला असतो. रंग विकत मिळतो, पत्रा घडवावा लागतो.

पाहताना जाडसर स्क्रू ड्रायव्हर आणि लोहचुंबक बरोबर न्या. दाराचा खालचा भाग, चाकांच्या कमानी, पायरी, पुढच्या काचेची चौकट आणि तळाचे लांब बीम या जागा ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर तिथे गंज आहे. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा थर आहे. दाराचा पत्रा बदलता येतो, पण तळाचे बीम आणि पाटे बसतात त्या जागा सडल्या असतील तर ती गाडी सोडून द्या.

कामाची जागा आणि हंगाम

सपाट, पक्की जागा हवी. गाडी जॅकवर उचलली की खाली घोड्या लावल्याशिवाय आत जाऊ नका. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. २ किलोचं एबीसी अग्निशामक, वाळूची बादली, जाड हातमोजे आणि चष्मा पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

सिन्नरच्या हवेप्रमाणे काम वाटून घ्या. पावसाळ्यात छपराखाली इंजिन, वायरिंग आणि लाकूडकाम करा. पत्रा आणि रंग दिवाळी ते होळीच्या दरम्यान, कारण तेव्हा हवेत ओल कमी असते आणि ऊनही सोसवतं. दुपारनंतर वारा सुटून धूळ उडते, म्हणून रंगाचा हात सकाळीच मारावा.

काही खोलण्याआधी फोटो काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं नाव द्या, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावा.

पत्रा आणि रंग

तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने गंज उतरवा. वरवरचा गंज असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर पुरतं. भोक पडलं असेल तर निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा आणि तेवढाच तुकडा बसवा. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं म्हणजे आतल्या गंजाला झाकण देणं. बॉडीला १८ ते २० गेजचा, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिलिमीटरचा सीआरसी पत्रा वापरा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो, म्हणून मिग वेल्डिंग बरं. लांब रेघ एकदम ओढू नका. अंतरा-अंतरावर टाके घाला, थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. तिच्यात वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच अधिक घातक. चासी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर चालवू नका. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत मोठा प्रश्न उभा राहतो. त्या जागेला हलक्या हाताने ब्रश लावा, पेन्सिलीने त्याचा ठसा घेऊन फाइलमध्ये ठेवा.

उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी लावू नका, ती ओल शोषते. आधी इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टीचा पातळ थर, मग पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंग. बीमच्या पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स फवारा, कारण गंज आतूनच सुरू होतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, मास्क घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा.

ब्रेक आधी, इंजिन नंतर

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं इंजिन सुरू झालं की सगळ्यांना आनंद होतो आणि लगेच चक्कर मारायची घाई होते. ती टाळा. आधी मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, लायनर, रबरी होज आणि लोखंडी पाइप पाहा. रबराचे सगळे भाग सरसकट बदला. जुना ब्रेक फ्लुइड पाणी शोषतो, तो पूर्ण काढून ताजा भरा. ड्रम साफ करताना हवेचा फवारा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसा.

टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी खूप जुना टायर वापरू नका, रबर कडक होऊन पकड जाते. ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे पुढच्या ॲक्सलचे सांधे आणि त्यांवरचे रबरी बूट नीट पाहा. वळताना कटकट आवाज आला तर सांधा गेला आहे.

आता इंजिन. डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला. ऑइल बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. मर्सिडीजच्या या कुळातल्या निरोगी इंजिनात ते २२ ते २४ बारच्या आसपास असतं. १५ बारच्या खाली गेलं किंवा सिलिंडरांमध्ये ३ बारहून जास्त फरक पडला, तर इंजिन उघडावं लागेल. आकडे चांगले असतील तर हीटर प्लग, नोझलची तपासणी, पाण्याचे होज, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट आणि व्हॉल्व्हची फट एवढ्यावर इंजिन पुन्हा चालू लागतं. नोझल आणि फ्युएल पंप मात्र घरी उघडू नका. त्यासाठी पंपाचं बेंच असलेलं दुकान गाठा.

वजनाचा हिशेब

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची मर्यादा दिलेली असते. दोन्हींमधला फरक तुमच्या हाती आहे आणि त्यात माणसंही आली. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटरचा प्लाय सुमारे ३२ किलोचा असतो, १२ मिलिमीटरचा सुमारे २१ किलोचा, ६ मिलिमीटरचा ११ किलोचा. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी एकटीच ५० किलोच्या पुढे जाते. म्हणून पलंगाला १२ चा प्लाय आणि कपाटांना ६ चा पुरे. प्लाय आयएस ७१० दर्जाचा घ्या, तो ओल सोसतो. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. काम अर्धं झाल्यावर आणि संपल्यावर गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या.

छपराला आणि बाजूंना उष्णतारोधक थर हवाच, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात आत बसवणार नाही. थर्माकोल हादऱ्यांनी चुरा होतो आणि पत्र्याशी घासून आवाज करतो. १० ते १५ मिलिमीटरचा, पाणी न शोषणारा नायट्राइल किंवा एक्सएलपीई फोम पत्र्याला घट्ट चिकटवा. त्याआधी पत्रा प्रायमरने झाकलेला हवा.

वीज, पाणी, गॅस

विजेचा हिशेब वापरापासून सुरू करा. १५ वॉटचे दोन पंखे ८ तास म्हणजे २४० वॉट-तास. ५ वॉटचे चार दिवे ४ तास म्हणजे ८०. १२ व्होल्टचा ४५ वॉटचा छोटा फ्रिज दिवसातून निम्मा वेळ चालला तर ५४०. मोबाइलला ६०. बेरीज ९२० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास साठवते आणि तिचा ८० टक्के वापर धरला तर १०२४ मिळतात. म्हणजे एक दिवस निभावतो. २०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी नुकसान धरून ७५० वॉट-तासांच्या आसपास भर घालतं. फ्रिज टाळला तर निम्म्याहून कमी खर्चात सगळं बसतं आणि पहिल्या वर्षी तसंच करावं.

घराची वायर गाडीत वापरू नका. तिची एकच जाड तार हादऱ्यांनी तुटते. बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. १० अँपिअरचा भार ४ मीटर लांब न्यायचा असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते. बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज आणि प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हवा. गाडीची बॅटरी आणि पंखे-दिव्यांची बॅटरी यांच्यामध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी सेल्फ लागेल. इंडक्शन शेगडी मात्र मनातून काढून टाका. २,००० वॉट १२ व्होल्टवर ओढायला १६० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो.

पाण्यासाठी २०-२० लिटरचे दोन फूड-ग्रेड कॅन आणि पायाने दाबायचा पंप एवढं पुरतं. कॅन धुता येतात, जागेवर बसवलेली टाकी धुता येत नाही.

गॅसला मी सर्वांत जास्त घाबरतो आणि तुम्हीही घाबरावं. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर, सुरक्षा होज आणि चांगला रेग्युलेटर घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडर ठेवायच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारा झरोका हवा. स्वयंपाक गाडीबाहेर छताच्या कापडाखाली करा. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेत झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिले प्रवास

पहिली फेरी रिकाम्या गाडीने गावातल्या गावात, गोंदेश्वर मंदिरापर्यंत. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याला जपून हात लावून पाहा. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग गेली आहे. दुसरी फेरी मोहदरी घाटातून. चढताना पाण्याचं तापमान पाहा, उतरताना खालचा गिअर ठेवा आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नका. तिसरी फेरी भरलेल्या गाडीने ठाणगावमार्गे पट्टा किल्ल्याच्या बाजूला. तिथून ठीक परतलात तर भंडारदऱ्याचा बेत आखा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाआधी वन विभागाची परवानगी घ्या, इतरत्र गावकऱ्यांना विचारूनच गाडी लावा आणि कचरा परत आणा. समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, पण १२० च्या वेगाने धावणाऱ्या गाड्यांत संथ, जुनी गाडी नेऊ नका. दिल्लीकडे जायचं मनात असेल तर तिथे १० वर्षांवरच्या जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, हे ध्यानात ठेवा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या हौसेकडे लोकांचं लक्ष गेलं आहे. भाड्याने तयार गाड्याही मिळतात. पण स्वतःच्या हाताने उभी केलेली गाडी तुम्हाला बोल्टापासून ठाऊक असते आणि आडरानात ती बंद पडली तर त्याच ओळखीवर घरी परतता येतं. म्हणून काम घाईने उरकू नका आणि ब्रेक, वायर, गॅस या तीन ठिकाणी पैसे वाचवू नका. तुमच्या ओळखीत कुणाच्या शेडमागे अशी मॅटॅडोर उभी असेल, तर या आठवड्यात जा, तिची आरसी मागा आणि चासी नंबर ताडून पाहा. तो जुळला की कामाला सुरुवात करा.